खड्डे घेण्याआधी वणव्याचा नकाशा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आता पाऊस आला की तुमच्या पेपरात वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतील, एका रोपाला सात जणांनी हात लावलेले. त्याबद्दल तक्रार नाही, आम्हीही तसे काढलेत. पण ज्या डोंगरावर फोटो काढताय तो दर उन्हाळ्यात जळतो का, हे जागा ठरवताना कुणी विचारतच नाही आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे. तीन वर्षांपूर्वी भोर तालुक्यातल्या एका डोंगरावर ६०० रोपं लावली. ती जागा का, तर टँकर वरपर्यंत जातो म्हणून, बाकी काही विचार नव्हता. दोन उन्हाळे पाणी घातलं, रोपं कमरेएवढी झाली, आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी खालून वणवा आला नि अर्ध्या तासात सगळं साफ. सकाळी वर गेलो तर ठिबकची नळी वितळून दगडाला चिकटलेली, बांबूच्या कुंपणाचे नुसते काळे खुंट. तिथे शेळ्या चारणारे एक बाबा भेटले, म्हणाले, "अवो हितं दरसाल लागतंय, त्या खिंडीतनं वारं वर येतंय. आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

घरी येऊन मी नासाच्या फर्म्स साइटवर बघितलं. उपग्रहाला कुठे आग दिसली त्याचे ठिपके तिथे फुकट मिळतात, ३७५ मीटरच्या चौकोनात आग कुठे ते दाखवणारे २०१२ पासूनचे आहेत. तर आमच्या डोंगरावर ठिपके जेमतेम, मला वाटलं बाबा वाढवून सांगतायत. मग लक्षात आलं की तो उपग्रह आपल्याकडून जातो दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास, आणि गवताचा वणवा संध्याकाळी सहाला लागून नऊला विझलेला असतो, तो सापडणार कसा? म्हणून मग सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचे फोटो शोधून काढले, ते दर पाच दिवसांनी येतात आणि १० मीटरएवढा लहान तुकडाही वेगळा दिसतो, जळलेला पट्टा काळा ठसठशीत दिसतो. फेब्रुवारी ते मे असे सात वर्षांचे फोटो एकाखाली एक लावून बसलो. आम्ही रोपं लावलेली धार सातपैकी पाच वर्षं काळी होती, आणि पलीकडची घळ एकदाही नाही! बाबा बरोबर होते, मी चूक.

सरकारकडे नकाशा नाही असं नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाने २००४ ते २०१७ मधल्या आगींवरून देशभर ५ बाय ५ किलोमीटरचे चौकोन पाडून कुठे धोका जास्त ते दाखवलंय, आणि देशातलं ३६ टक्क्यांहून जास्त जंगल वारंवार आग लागू शकेल असं निघालं. काम चांगलंच आहे. पण ५ किलोमीटरच्या चौकोनात आमचा अख्खा डोंगर, दोन गावं आणि भाटघर धरणाच्या पाण्याचा कोपरा एवढं सगळं बसतं, त्यावरून कुठल्या जिल्ह्याला किती पैसे द्यायचे ते ठरेल, खड्डा कुठे घ्यायचा ते नाही ठरणार.

त्यासाठी प्रत्येक डोंगराचा बारीक नकाशा लागतो आणि तो काही फार अवघड नाही. कुठे किती वेळा जळलं, चढ किती (आग चढावर पळते, कारण वरचं गवत आधीच तापलेलं असतं), उतार कुठल्या दिशेचा, दक्षिण-पश्चिमेचा असेल तर लवकर वाळतो, गवत किती उंच, आणि पायवाट, रस्ता, राब भाजायची (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जाळायची) शेतं कुठे, कारण आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही, लावला जातो नाहीतर हातून सुटतो. यातलं अर्धं उपग्रहावरून मिळतं आणि अर्धं त्या बाबांसारख्या माणसांकडून.

मग लावायचं काय ते सोपं होतं. घळीत जांभूळ, उंबर, करंज. धारेवर आधी जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा), मग झाडं, आणि तीही जळली तरी बुडातून फुटणारी, पळस किंवा ऐन. ऐनाची साल मोठेपणी जाड होते, पण पहिली काही वर्षं तोही वणव्यात जातोच, त्यामुळे झाड दणकट आहे म्हणून जाळरेषा टाळून चालत नाही. आणि काही माळ मुळात गवताचेच असतात, तिथे झाडं लावूच नयेत असं माझं मत आहे, यावरून ग्रुपमध्ये भांडणंही झालीत.

२०१९ ला राज्यात ३३ कोटी रोपांचं टार्गेट होतं. त्यातली किती दरवर्षी जळणाऱ्या पट्ट्यात गेली याचा हिशोब कुणी मांडेल का?

लोकांना नुसतं अडाणी म्हणूनही भागत नाही. जाळल्यावर कोवळं गवत लवकर फुटतं हे खोटं नाहीये. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, पण संध्याकाळी काडी टाकून गेलेला माणूस सापडतो कुठे? त्यापेक्षा डिसेंबरात धारेवरचं गवत कापून न्यायची परवानगी द्या, गुरांना चारा होईल आणि वणव्याचं सरपण कमी होईल. आणि विझवायला माणसं पाठवताना तरी आग कुठून कशी चढणार ते त्यांच्या हातातल्या नकाशावर असू दे, नागझिऱ्यात एप्रिल २०२१ मध्ये वणवा विझवताना तीन वनमजूर गेले हो.

आम्ही यंदा फक्त घळीत २०० खड्डे घेतोय. टँकर तिथे जात नाही, कॅन खांद्यावर न्यावे लागणार. धारेवर डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढायचीय, कोयते आणि माणसं आहेत, पालापाचोळा उडवायचा ब्लोअर नाही. कुणी भाड्याने देत असेल तर तुमच्या पेपरातून जरूर कळवावं.

आपला,
भोर तालुक्यातला एक वाचक