एका भावाचं नाव, एका बहिणीची कात्री

स्वान्सी, रविवार रात्र

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर म्हणालीस, "बोलतोस खूप, पण सांगत काहीच नाहीस." म्हणून आज कागद घेऊन बसलोय. तब्येत बरी आहे, पाऊस नेहमीसारखाच आहे, आणि तू दिलेला गोडा मसाला संपत आलाय. आता मुद्द्याचं.

परवा कामावर मी यंत्रातल्या बिघाडाचा अहवाल दिला होता. चूक कुणाची तेही लिहिलं होतं. वरून परत आला तेव्हा झाडून सगळी बोचरी वाक्यं गायब! शेजारच्या टेबलावरचा म्हातारा वेल्श सहकारी तो वाचून हसला आणि म्हणाला, "तुला बाउडलराइज केलं की रे." मला ऐकू आलं 'पावडर'. म्हटलं, पावडर फासली म्हणतोय, तेही खोटं नाही.

मग त्याने अर्थ सांगितला. एखाद्या लिखाणातलं अश्लील, अडचणीचं ते कापून त्याला सभ्य करायचं आणि मग लोकांच्या हाती द्यायचं. बंदी घालणारा निदान उघडपणे घालतो. इथे पुस्तक मिळतं, पण दात काढलेलं. शब्द रोजच्या बोलण्यातला नाही आणि वापरतात तो टोमणा म्हणूनच. "मी बाउडलराइज केलं" असं स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही. आपल्याकडे एका शब्दात सांगता येईल का, याचा विचार करत होतो. 'कात्री लावली' जवळ जातं, पण मला 'सोवळं नेसवलं' जास्त आवडलं.

हा बाउडलर खरा माणूस होता, पेशाने डॉक्टर. १८२५ साली इथे स्वान्सीतच वारला. मंबल्सच्या बाजूला ऑयस्टरमथ आहे, तिथल्या चर्चच्या आवारात पुरलाय. आज सुट्टी होती, बसने जाऊन आलो. डाव्या हाताला सगळा वेळ समुद्र, आपल्या दापोलीच्या रस्त्यासारखा. फक्त रंग राखाडी.

थॉमस बाउडलर लहान असताना त्याचे वडील संध्याकाळी सगळ्यांना शेक्सपिअर वाचून दाखवत. नको ती ओळ आली की न अडखळता ती गाळून पुढे जात, आणि पोरांना पत्ताही लागत नसे. (तू आजीला पेपर वाचून दाखवायचीस तसंच. गावातलं कुणी गेलं की ती बातमी वगळायचीस आणि आजी विचारायची, "आज एवढ्यात संपला?") मोठेपणी त्याला वाटलं, सगळ्यांचे वडील काही इतके हुशार नसतात, तेव्हा तयारच पुस्तक द्यावं. १८१८ साली दहा खंडांत कुटुंबासाठीचा शेक्सपिअर निघाला. मुखपृष्ठामागेच ग्वाही होती की मुळात काही घातलेलं नाही, घरात मोठ्याने वाचता येणार नाही तेवढंच वगळलंय. पण ते काही खरं नव्हे. लेडी मॅकबेथ हातावरच्या रक्ताच्या डागाला शिवी हासडते, तिथे याने नुसतं 'क्रिमसन' केलं. (आपला 'किरमिजी' आणि हा 'क्रिमसन' एकाच कुळातले, बरं का.) एका नाटकातली वेश्या तर अख्खीच नाहीशी केली. 'ऑथेल्लो' या नाटकापुढे मात्र त्याने हात टेकले. हे दिवाणखान्यात वाचण्याजोगं नाही, असं स्वतःच लिहून टाकलं.

त्याच्या नावाचं क्रियापद १८३६ मध्ये छापून आलं, तेव्हा तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. आपल्याकडे उलट झालं बघ. 'ध'चा 'मा' करणं हे क्रियापदासारखं वापरतो, पण त्यात आनंदीबाईंचं नाव कुठेच नाही. ते ज्याचं त्याने आठवायचं.

आता खरी गंमत. पहिली आवृत्ती निघाली १८०७ मध्ये इंग्लंडातल्या बाथ शहरात, चार खंडांची, कुणाचंही नाव न घालता. ती कात्री चालवली होती त्याच्या थोरल्या बहिणीने, हेन्रिएटा मरायाने. घरात तिला हॅरिएट म्हणत. बाई अविवाहित. नाव घातलं असतं तर लोक म्हणाले असते, हे गाळायचं म्हणजे हिला ते कळलं कसं! म्हणून पुढे भावाचं नाव लागलं, आणि बराच काळ सगळं त्याचंच समजलं गेलं. तिने प्रवचनांचं पुस्तकही निनावीच काढलं होतं. ते इतकं गाजलं की लंडनच्या बिशपने लेखक कुणी पाद्री असणार असं समजून प्रकाशकामार्फत त्याला एका चर्चमधली पाद्र्याची जागा देऊ केली, असं सांगतात.

कापाकापी चांगली की वाईट, यावर हे लोक अजून वाद घालतात. मला तिथे उभं राहून वेगळंच आठवत होतं. सातवीत 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाला मला पेला मिळाला होता. अर्धा निबंध नव्हे, सगळाच तू सांगितलेला. 'मेघांचा मृदंग' मला कुठून सुचणार? बाईंनी वर्गात वाचून दाखवला आणि मी मान खाली घालून बसलो, तर त्यांना तो विनय वाटला.

तो पेला आईच्या फडताळात मागे असेल, माझं नाव कोरलेला. पुढच्या वेळी माहेरी जाशील तेव्हा घेऊन जा. नाव खोडायच्या भानगडीत पडू नकोस, पातळ पत्रा आहे, भोक पडेल.

दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. गोडा मसाला कुणी इकडे येत असेल तरच पाठव, टपालखर्च परवडत नाही.

तुझा,
बाळू