आत्याला आलेला मेसेज

संपादक साहेब, नमस्कार.

लग्न न करणाऱ्यांना म्हातारपणी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होतो असा एक मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय, आणि माझ्या ७४ वर्षांच्या आत्याला, जिनं लग्न केलेलं नाही, तिला तर तो तिघांनी वेगळा पर्सनलवर पण पाठवला. तिचा रिप्लाय आला, "बरं, मग स्थळं बघायला घ्या."

आता आकडा खोटा नाहीये. २०१७ साली १५ अभ्यास एकत्र करून, ८ लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली होती, त्यात जोडीदार असलेल्यांपेक्षा कधीच लग्न न केलेल्यांना धोका ४२ टक्के जास्त आणि जोडीदार गेलेल्यांना २० टक्के जास्त निघाला. पण ४२ टक्के म्हणजे शंभरातल्या ४२ जणांना होणार असं नाही हो, समजा एका गटात १० जणांना होत असेल तर दुसऱ्यात १४ जणांना, एवढाच त्याचा अर्थ. आणि घटस्फोट झालेल्यांमध्ये तसा ठळक फरक सापडलाच नाही, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही!

बरं, २०२५ मध्ये अमेरिकेत २४ हजार लोकांवर, काहींवर तर १८ वर्षांपर्यंत लक्ष ठेवून केलेला अभ्यास आला आणि त्यात बरोबर उलटं निघालं, घटस्फोटित आणि अविवाहित लोकांनाच धोका कमी. मग खरं काय? मला वाटतं दोन्हीकडे एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे लक्षात कोणाच्या येतं. अमेरिकेतल्या अभ्यासातली माणसं मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसराळूपणाची तपासणी होते तिथं, तपासलेली होती, आणि तिथं नवऱ्याला बायको किंवा बायकोला नवरा लवकर घेऊन जातो, एकट्या माणसाचं कोण बघतंय, त्यामुळे निदान कमी झालेलं असू शकतं असं अभ्यास करणारेच म्हणतात.

पण घरात माणूस आहे म्हणजे लवकर कळतंच असंही नाही, कधी कधी झाकलं पण जातं. आमच्या एका काकांच्या गोळ्या काकू काढून द्यायची, बिलं तीच भरायची, कोणी काही विचारलं तर उत्तरही तीच द्यायची, आम्ही म्हणायचो काका पहिल्यापासूनच कमी बोलतात. काकू पंधरा दिवस मुलीकडे गेली तेव्हा कळलं की काकांना स्वतःच्या घरातला बाथरूम सापडत नाहीये. ही फसवणूक नव्हती, पन्नास वर्षांची सवय होती, काकूच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.

म्हणून एक विनंती, अशी बातमी छापताना आजाराचं निदान कुठं आणि कसं झालं, तुलना कोणाशी केली, त्या लोकांची तब्येत आणि शिक्षण धरलं होतं का, हे दोन ओळीत तरी द्या. २०१७ च्या त्याच अभ्यासात अविवाहितांच्या जास्त धोक्यामागे त्यांची मुळातली खराब तब्येत, आणि जोडीदार गेलेल्यांच्या बाबतीत कमी शिक्षण, हेही कारण दिसलं होतं.

बाकी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशननं २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात बीपी, डायबेटिस, एकटं पडणं, ऐकू कमी येणं हे सगळं आहे, लग्न न करणं नाहीये. आत्यानं गेल्या महिन्यात कानाचं मशीन लावलंय. आता म्हणते, ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज पण ऐकू यायला लागलेत, तेवढा एक तोटा झालाय.

आपला,
एक वाचक