नाओया इनोउए वजनाने वर चढत गेला, आपली मुलं खाली उतरवली जातात: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: बॉक्सिंगच्या हलक्या गटांत मुलामुलींचे वजन उतरवण्यावर मोजमापाचे नियम लावण्याबाबत

महोदय,

आमची मागणी एकच आहे. शालेय स्पर्धा, राज्य स्पर्धा आणि क्रीडा प्रबोधिनीत खेळणाऱ्या कोणत्याही अल्पवयीन बॉक्सरला अंगातलं पाणी काढून खालच्या वजनगटात उतरवता येणार नाही, असा नियम करा आणि तो पाळला जातो की नाही हे मोजता येईल अशी व्यवस्था करा. यासाठी आम्ही जपानच्या नाओया इनोउएची कारकीर्द आपल्यासमोर ठेवत आहोत. आज हलक्या वजनगटांत त्याच्याइतक्या जोराचा ठोसा क्वचितच कुणाचा असेल, आणि तो जोर वजन वाढत गेलं तसा टिकला, किंबहुना खुलला.

इनोउएचा जन्म 1993 चा, कानागावा प्रांतातल्या झामा शहरातला. वडील शिंगो हेच प्रशिक्षक. 2012 च्या लंडन ऑलिंपिकची पात्रता हुकली. आशियाई पात्रता स्पर्धेत तो कझाखस्तानच्या बिरझान झाकीपोव्हकडून हरला आणि त्याच वर्षी योकोहामाच्या ओहाशी जिममधून व्यावसायिक झाला. सुरुवात लाइट फ्लायवेट गटात, म्हणजे 108 पौंड, सुमारे 49 किलो. 6 एप्रिल 2014 रोजी, अवघ्या सहाव्या लढतीत, त्याने मेक्सिकोच्या आद्रियान हर्नांदेझला सहाव्या फेरीत थांबवून जागतिक विजेतेपद मिळवलं. निकालाची नोंद एवढंच सांगते. लढत पाहणाऱ्यांना मात्र दिसलं, की मधल्या फेऱ्यांत त्याच्या पायात गोळे आले होते. कारण वजन. वाढत्या वयाच्या, रुंद खांद्यांच्या मुलाला 49 किलोत बसवण्यासाठी अंगातलं पाणी काढावं लागत होतं आणि त्याची किंमत पाय मोजत होते. पाय गेले की ठोसा जातो. ठोशाचा जोर टाचेखालच्या जमिनीवरून निघतो, गुडघा आणि कंबर फिरते, खांदा मागून येतो, मूठ सगळ्यात शेवटी. पोटरीत गोळा आलेला मुलगा हातानं मारतो आणि हाताच्या ठोशाने कुणी पडत नाही.

पुढे काय झालं ते अधिक महत्त्वाचं आहे. त्या गटात एकदाच विजेतेपद राखून तो थेट दोन गट वर, 115 पौंडांच्या सुपर फ्लायवेटमध्ये गेला. मधला फ्लायवेट गट त्याने सोडूनच दिला. 30 डिसेंबर 2014 रोजी समोर होता अर्जेंटिनाचा ओमार नार्वाएझ. 2011 मध्ये बॅन्टमवेटला नोनितो दोनाएरसारख्या ठोसेबाजालाही बारा फेऱ्यांत ज्याला पाडता आलं नव्हतं, तो नार्वाएझ. इनोउएने त्याला दोन फेऱ्यांत चार वेळा खाली बसवलं. तीन किलो वर गेल्यावर जोर कमी होईल अशी भीती प्रशिक्षकांना नेहमी असते. इथे उलट घडलं.

यानंतरचा आलेख आपल्याला माहीत असेल, तरी आकडे डोळ्यांसमोर असावेत म्हणून देतो. 2018 मध्ये बॅन्टमवेट, म्हणजे 53.5 किलो: जेमी मॅकडॉनेल पहिल्याच फेरीत, हुआन कार्लोस पायानो 70 सेकंदांत. 2019 मध्ये ग्लासगोत इमॅन्युएल रॉड्रिगेझ दुसऱ्या फेरीत. डिसेंबर 2022 मध्ये पॉल बटलरला हरवून चारही जागतिक संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे. जुलै 2023 मध्ये 55.3 किलोच्या सुपर बॅन्टमवेटमध्ये स्टीफन फुल्टन आठव्या फेरीत आणि त्याच डिसेंबरात मार्लन तापालेसला दहाव्या फेरीत पाडून तिथलेही चार पट्टे. चार गटांत जगज्जेता, त्यातल्या दोन गटांत निर्विवाद. नऊ वर्षांत साधारण सव्वासहा किलो, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर शरीर त्या वजनाला सरावलेलं.

यातली मॅकडॉनेलची लढत आपल्या खात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने पाहावी. इंग्लंडचा हा बॉक्सर 53.5 किलोच्या गटासाठी फार उंच होता. वजनाच्या वेळी तो इतका सुकलेला दिसत होता की गालफडं आत गेली होती. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये तो कितीतरी किलो जड होऊन उतरला, पण 112 सेकंदांत संपला. एका रात्रीत ढोसलेलं पाणी काट्यावर दिसतं. रक्तात, स्नायूत आणि मेंदूभोवतीच्या द्रवात ते परत जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता आपल्याकडे या. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे भरून काढायला निदान चोवीस तास मिळतात. हौशी बॉक्सिंगमध्ये वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं आणि लढत त्याच दुपारी. म्हणजे शाळकरी मुलाला चोवीस तासही मिळत नाहीत. तरीही 48 किलोच्या मुलाला 46 मध्ये घालायचं, कारण तिथे अर्ज कमी आहेत, पदक सोपं आहे, आणि पदकामागे ग्रेस गुण आहेत. पद्धत सगळीकडे सारखीच. तीन दिवस आधी भाकरी-भात बंद, दोन दिवस आधी मीठ बंद, आदल्या दिवशी पाणी बंद. मग रेनकोट किंवा रबरी सूट घालून दोरीउड्या, तोंडात च्युइंगगम ठेवून थुंकत राहायचं, आणि तरीही दोनशे ग्रॅम उरले तर पहाटे बंद खोलीत कांबळं पांघरून घाम काढायचा.

यात नेमकं काय बिघडतं? स्नायूत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भाकरी-भात बंद केला की पहिल्या दोन दिवसांत काटा भराभर उतरतो आणि प्रशिक्षकाला वाटतं मुलगा हलका झाला. तो रिकामा झालेला असतो. पुढचं पाणी रक्तद्रवातून जातं. रक्त कमी झालं की तेवढंच काम करायला हृदय जास्त ठोके देतं आणि तिसऱ्या फेरीत हात खाली येतात. हात खाली आले की गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोरचा हातांचा बचाव, उघडतो. मार डोक्यावर बसतो तो इथे. 48 किलोच्या मुलाचे दोन किलो म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. 80 किलोच्या बॉक्सरला तेच दोन किलो अडीच टक्के पडतात. म्हणून हे दुखणं हलक्या गटांचंच आहे आणि मुलींमध्ये तर मासिक पाळी बंद पडेपर्यंत ते जातं.

ऑगस्ट 2025 मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमधल्या एकाच कार्यक्रमात लढलेले दोन बॉक्सर मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावले. त्यानंतर जपानच्या बॉक्सिंग आयोगाने ओरिएंट-पॅसिफिक विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या आणि वजन उतरवण्याच्या सवयींची चर्चा नव्याने सुरू झाली. पाण्याची कमतरता आणि मेंदूतला रक्तस्राव यांचा थेट संबंध पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, पण संशय इतका बळकट आहे की शाळकरी मुलांवर तो तपासून पाहण्याचा अधिकार कुणालाच नाही.

उपाय नवे शोधायची गरज नाही. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले. त्यानंतर तिथे नियम आले: अंगात पाणी पुरेसं आहे का हे कळावं म्हणून हंगामाच्या सुरुवातीला लघवीची घनता तपासायची, ती 1.020 च्या आत असेल तरच वजन आणि शरीरातली चरबी मोजायची, आणि त्यावरून त्या खेळाडूचा सर्वांत खालचा गट ठरवायचा. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही. रबरी सूट आणि घामाच्या खोल्या बंद. हे सगळं महाराष्ट्रात करता येतं. घनता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. खिशात मावेल एवढं हे उपकरण, काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आधी शुद्ध पाण्यावर 1.000 दाखवतो का ते पाहायचं, नाहीतर सगळे आकडे चुकतात. चरबी मोजायला स्किनफोल्ड कॅलिपर, म्हणजे कातडीची घडी मोजणारा चिमटा, पुरतो, मात्र मोजणारा माणूस दरवेळी तोच हवा. 48 किलोच्या मुलाला आठवड्याला दीड टक्का म्हणजे 720 ग्रॅम. त्याहून जास्त फरक दिसला तर त्या गटाचा अर्ज बाद, वरच्या गटाचा स्वीकारायचा.

काट्यांकडेही लक्ष द्या. स्पर्धेच्या काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा, तो सपाट आणि कठीण फरशीवर हवा, सतरंजीवर नव्हे. त्याच काट्यावर आदल्या संध्याकाळी सर्वांना वजन तपासू द्यावं. घरचा काटा तीनशे ग्रॅम कमी दाखवतो आणि मुलगा सकाळी घाबरून धावत सुटतो, हे प्रकार एवढ्यानेच निम्मे होतील. विनेश फोगाटच्या 100 ग्रॅमवर साऱ्या देशाने चर्चा केली. जिल्हा स्पर्धेच्या वजनकाट्यापर्यंत ती चर्चा कधी पोचलीच नाही.

इनोउएकडून घ्यायची दुसरी गोष्ट हाताची. नार्वाएझला पाडणाऱ्या लढतीतच त्याचा उजवा हात दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि तो वर्षभर रिंगबाहेर राहिला. 2016 मध्ये दाविद कार्मोनाविरुद्ध तोच हात पुन्हा दुखला. 2023 मध्ये सरावात हात दुखावल्याने फुल्टनची लढत मे महिन्यातून जुलैवर गेली. ज्याचा ठोसा जड, त्याच्या मुठीची हाडं आधी मोडतात. प्रबोधिनीत पट्टी बांधायला वेळ दिला जात नाही, दोन वेढे मारून मुलं ठोसे मारायच्या बॅगवर जातात. पट्टी साडेचार मीटरची असावी. अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन-चार पदरांची गादी, मग बोटांच्या फटींतून, अंगठ्याभोवती एकदा आणि शेवट मनगटावर. बोटं पसरून बांधायची, म्हणजे मूठ वळल्यावर ती घट्ट बसते. मूठ वळून बांधली तर ती ढिली पडते. बॅगवर स्पर्धेचे 10 औंसांचे ग्लोव्हज नकोत, 14 किंवा 16 औंसांचे द्या. फोम दबून सपाट झालेले ग्लोव्हज वर्षाअखेर बाद करण्याचं कलम खरेदीच्या निविदेत घाला.

आणि मार बसल्यावर काय करायचं तेही शिकवायला हवं. 6 मे 2024 रोजी टोकियो डोममध्ये लुइस नेरीने पहिल्याच फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, इनोउएला खाली पाडलं. कारकिर्दीत पहिल्यांदाच. तो धडपडत उठला नाही. गुडघ्यावर बसून आठपर्यंत आकडे ऐकले, मग उभा राहिला, फेरी काढली, दुसऱ्या फेरीत नेरीला पाडलं आणि सहाव्या फेरीत लढत संपवली. हाच नेरी 2018 मध्ये जपानमध्ये शिन्सुके यामानाकाविरुद्ध वजनात दोन किलोंहून अधिक जास्त भरला होता आणि जपानी आयोगाने त्याच्यावर बंदी घातली होती. वजनाचा नियम कसा लावायचा, ते त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे डोक्याला मार लागून लढत थांबली तर त्या मुलाला किमान 30 दिवस लढत नाही आणि स्पारिंगही (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) नाही, हे त्याच्या वहीत डॉक्टरच्या सहीने लिहिलं गेलं पाहिजे. स्पारिंगचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण मुलं तिथेच परत मार खातात.

एक व्यावहारिक कारणही आहे. पदकांचा हिशेब करणाऱ्यांना ते पटावं. रिओत पुरुषांचा सर्वांत हलका ऑलिंपिक गट 49 किलोचा होता, टोकियोत 52, पॅरिसमध्ये 51. लॉस एंजेलिस 2028 मध्ये तो 55 किलोचा आहे. 49 चा गट गेल्यावर उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोव्हने वजन वाढवलं आणि रिओचं सुवर्ण 49 ला जिंकलेल्या या बॉक्सरने पॅरिसचं सुवर्ण 51 ला जिंकलं. आज सोळाव्या वर्षी 46 किलोत दाबून ठेवलेल्या मुलाला 2028 साठी नऊ किलो चढायचं आहे. उपाशी ठेवून वाढवलेली हाडं आणि स्नायू ते करू शकत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला मीनाक्षी हुड्डाने 48 किलोत आणि जैस्मिन लंबोरियाने 57 किलोत जागतिक सुवर्ण जिंकलं. मुलींसाठी ऑलिंपिकचा खालचा गट 51 आहे, म्हणजे 48 ची मुलगीही वरच जाणार.

म्हणून प्रबोधिनीच्या भोजनगृहाच्या कंत्राटात बॉक्सरसाठी वेगळी तरतूद हवी. वजनाच्या दर किलोमागे रोज किमान दीड ग्रॅम प्रथिनं. 50 किलोच्या मुलाला 75 ग्रॅम: चार अंडी, दोन वाट्या घट्ट उसळ, अर्धा लिटर दूध आणि भाकरी-डाळीतून उरलेली. सकाळच्या सरावानंतर अर्ध्या तासात खाणं मिळालं पाहिजे. नाश्ता नऊ वाजता उघडतो आणि सराव साडेसातला संपतो, हे वेळापत्रक एका आदेशाने बदलता येतं.

या हंगामाच्या जिल्हा स्पर्धा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला एक रिफ्रॅक्टोमीटर आणि एक शिक्का असलेला काटा द्या, आणि पहिली नोंदणी शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात घ्या. नोंदणीचा तक्ता, मोजमापाची पद्धत आणि पट्टी बांधण्याचं प्रशिक्षण तयार करून द्यायला आम्ही विनामूल्य तयार आहोत. खात्याने तारीख कळवावी.

कळावे,

आपले,
महाराष्ट्रातील काही बॉक्सिंग प्रशिक्षक आणि पंच