रविवारची फुलवारी: पळस, पांगारा, काटेसावर

मंडळी, येत्या रविवारी, १ मार्चला, सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत फुलांचे फोटो काढायला सकाळी साडेसहाला जमायचं. साडेसहा म्हणजे साडेसहाच. नऊनंतर उन्हात फोटोची मजा जाते.

काटेसावर आता ओसरत आलीय, पळस-पांगारा मात्र चांगला असेल. वाटेकडेच्या धायटीच्या झुडपांवरच्या नळीसारख्या लाल फुलांकडेही बघा, सगळे मोठ्या झाडांकडे माना वर करून चालतात. फुलांवर मध प्यायला शिंजीर हा चिमुकला पक्षी येतो, म्हणून बोलणं हळू.

मोबाईलवाल्यांसाठी खास: गेल्या वर्षी निम्म्यांचा पळस म्हणजे नुसता केशरी डाग होता! स्क्रीनवर दिसणाऱ्या पाकळीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, मग तिच्यावरची मऊ लव दिसते.

नियम:
- फूल तोडायचं नाही, फांदी वाकवायची नाही. खाली पडलेली फुलं उचलून ‘सजवलेले’ फोटोही नकोत.
- गवत वाळलंय. विडी-सिगारेट, काडेपेटी आणूच नका.
- दोन लिटर पाणी, टोपी, बूट. चप्पल घातलेल्यांना वर नेणार नाही.

सोमवारी रात्रीपर्यंत प्रत्येकी तीनच फोटो, झाडाच्या नावासकट. नाव माहीत नसेल तर तसं लिहा, आपण मिळून शोधू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, गाड्या वाटून घ्यायच्यात.