एकोणसाठचा घोळ

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

मन्या,

'मास्तर झालास का रे?' म्हणून विचारलंस. अजून नाही. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, १५० पैकी ९० हवेत, त्याचा अभ्यास चालू आहे असं घरी सांगितलंय. पण एक गंमत झाली, ती फोनवर नीट सांगता आली नसती.

बी.एड. सांभाळून मी संध्याकाळी पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात पोरांचा अभ्यास घेतो. बहुतेकांच्या घरी तेलुगू. आया विड्या वळतात, वडील टॉवेलच्या कारखान्यात. त्यात तिसरीतली एक आहे, सगळे तिला चिन्नी म्हणतात. मी 'एकोणसाठ' म्हटलं की ही ६१ लिहिणार. तीन दिवस फुली मारली. चौथ्या दिवशी 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून खेकसलो. पाटी पोटाशी धरून गप्प बसली. मला फार वाईट वाटलं वगैरे काही नाही, खोटं कशाला सांगू, भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "कसं लिहिलंस गं हे?"

"एक... साठ. साठ आणि एक."

काय चुकलं तिचं? एकसष्ट तसाच तर होतो!

"घरी काय म्हणता?"

"याभै तोम्मिदि."

पन्नास नऊ. आणि मला २०१९ आठवलं. दुसरीच्या पुस्तकात बालभारतीनं 'वीस एक, वीस दोन' आणलं होतं आणि आपण अकरावीच्या वर्गात 'सर, माझा रोल नंबर चाळीस तीन' करत लोळलो होतो. गणित समितीच्या मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या, मुलांना सोपं जावं म्हणून आहे हे. आपण ऐकून कुठं घेतलं!

तरी एकोणसाठ सोडायला मी तयार नाही. भाजीवाली तिला एकोणसाठच सांगणार. म्हणून झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे बांधले. "हे साठ. यातली एक काढ." तिनं सहाव्या गठ्ठ्यातली काडी ओढली, रबर सुटून उडालं, बाकीच्या नऊ मोजल्या. "साठला एक कमी?" मग स्वतःच एकोणतीस, एकोणचाळीस करत सुटली.

आमच्या पाठ टाचणात विद्यार्थ्याचं उत्तरही आपणच आधी लिहून ठेवायचं असतं. ते कायम बरोबर असतं. दीड वर्ष मी ती मुकाट्यानं भरली. आता त्या रकान्यात एखादं चुकीचं उत्तरही लिहितो. परवा निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी त्यावर लाल गोल केला. असू दे.

काल चिन्नीनं पुन्हा अडवलं. "सर, एकोणनव्वद आहे, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही?"

मी म्हटलं, सोमवारी सांगतो. तू मराठीत एम.ए. करतोयस ना? उद्या सहाच्या आत कळव.

तुझा,
बाळ्या