अटी ठरवणार कोण?

अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) कर्जामुळेच गरीब देश बुडतात, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. तिजोरीत खडखडाट झाला आणि बाजारात कोणी दारात उभे करेना, की मग देश तिथे जातात; तो खडखडाट बरेचदा घरच्याच राज्यकर्त्यांची करणी असते. आक्षेप आहे तो कर्जासोबत येणाऱ्या अटींवर आणि त्या ठरवणाऱ्यांवर. नाणेनिधीत कळीच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे नकाराधिकारच! ज्यांना अटी पाळायच्या, त्यांचा आवाज क्षीण.

केनियाचेच पाहा. नाणेनिधीच्या कर्ज कार्यक्रमात महसूलवाढीचा आग्रह होता. सरकारने २०२४च्या वित्त विधेयकात चक्क पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर सुचवला. तो ओरड झाल्यावर वगळला, पण बाकीचे कर राहिलेच. जूनमध्ये तरुण संसदेत घुसले, गोळीबारात माणसे मेली, तेव्हा कुठे विधेयक मागे घेतले गेले. कर्जफेडीचे वेळापत्रक मात्र तसेच राहिले. पावाऐवजी श्रीमंतांच्या करसवलतींना आधी हात घाला, अशी अट धनको का घालत नाहीत?

– एक वाचक