४,२९,४९,६७,२९७ ची गोष्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे की नाही, हे कागदावर ठरवता येईल का, असं तू विचारलंस. येतं की! फक्त भाग कशाकशाने देऊन पाहायचा, तेवढं आधी ठरवायला हवं.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये या जातीच्या (२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या) ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या पाहिल्या आणि पुढच्याही मूळच असणार असं मानलं. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये त्यापुढचीच, म्हणजे हीच संख्या, फोडून दाखवली.

आंधळेपणाने बसलास तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्यांनी भाग द्यावा लागेल. पण एखाद्या मूळ विभाजकाने २ च्या ३२ व्या घाताला भागलं की बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला १ कमी) येणार, म्हणजे ६४ व्या घाताला १. त्याआधी कधीच १ नाही. आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने, विभाजकातून १ वजा करून येणाऱ्या घातालाही बाकी १ असते. म्हणून विभाजकातून १ वजा केल्यावर ६४ ने भाग जायलाच हवा. ६५, १२९, १९३… या रांगेतल्या मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते: भागाकार ६७,००,४१७, बाकी शून्य. मात्र ४४८९ मधून ४४८७ गेले की बाकी २ उरते, आणि पुढचे ६ व ७ उतरवताना दोनदा शून्य द्यावं लागतं. ती शून्यं हमखास राहतात आणि उत्तर ६७४१७ येतं.

भागाकारही नको असेल तर ६४१ कडेच बघ. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २ चा ७ वा घात याची बाकी −१. चौथा घात केला की ६२५ × २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ घाल. २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. झालं! मला तर हेच जास्त आवडतं.

संगणकावर करणार असशील तर जपून. ३२ बिटांच्या चलात ही संख्या मावतच नाही, तिथे नुसता १ उरतो. आणि पाया २ घेऊन फर्माची कसोटी (संख्येपेक्षा एकने लहान असा २ चा घात घेऊन, त्याला संख्येने भागल्यावर बाकी १ येते का पाहणं) लावू नकोस. ही संख्या त्यात मूळ म्हणून खुशाल पास होते. पाया ३ घे, ३१ वेळा वर्ग करत बाकी काढ. मूळ असती तर −१ आली असती, येते १,०३,२४,३०३. मधले वर्ग २० अंकांपर्यंत जातात आणि एक्सेल १५ अंकच नीट सांभाळतं, तेव्हा पायथॉन ही संगणकभाषाच बरी.

राहिला दुसरा विभाजक ६७,००,४१७, तोही मूळ आहे का ते बघू. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. गणिती लुकासने दाखवलं तसं इथे ६४ ऐवजी १२८ चालतं, आणि २५७ तर आधीच बाद झाला आहे. मग ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच उरतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे तो मूळ आहे.

तुझा,
मिलिंद